पाणीपुरवठा मंत्र्यांना खुलं पत्र: व्हॉल्वमनला बोलायलाही शिकवा

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य

मंत्री साहेब, नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला येताच, म्हणून हे पत्र इथूनच लिहितोय. सभागृहात टाक्या, पाइपलाइन, निधी यावर भरपूर बोलणं होतं, मला त्या टाकीवर चढणाऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. शहरात त्याला व्हॉल्वमन म्हणतात, गावात जलसुरक्षक, आणि नळ आला नाही की लोक काय म्हणतात ते इथं लिहित नाही.

जिल्ह्यातल्या गावांमधे एक गोष्ट मी कितीदा पाहिली. पाण्याला टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास आला की सकाळी सकाळी चार बाया आणि दोन म्हातारे त्याच्या दारात, "काऊन बे, एवढं औषध टाकते का, चहा पण पिववत नाही!" त्याला काही उत्तर सुचत नाही, मग दुसऱ्या दिवशी तो निम्मीच पावडर टाकतो, वास जातो, गाव खूश. आणि त्याच गावात पावसाळ्यात हगवणीची साथ आली की पहिली नोटीस त्यालाच. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे असं भारतीय मानक (आयएस १०५००) सांगतं, म्हणजे थोडा वास येणं हे पाणी राखलं गेल्याचं लक्षण आहे, पण हे त्या बायांना दारात उभं राहून, भांडण न करता सांगायचं कसं ते त्याला कोणी शिकवलंच नाही ना. माझ्या मते हे सांगता येणं पावडर मोजण्याइतकंच कामाचं आहे.

आता ट्रेनिंग होत नाही असं नाही. होतं. एसी हॉल, प्रोजेक्टर, जेवण, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. पण बादलीत टीसीएलची पातळ पेस्ट कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच टाकीत ओतायची, मग निदान अर्धा तास तरी पाणी सोडायचं नाही, हे स्लाइडवर कसं कळणार? ताज्या पावडरमधे साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण तोंड उघडं राहिलेलं पोतं आमच्या मे महिन्याच्या ४५ डिग्रीत पत्र्याच्या खोलीत पडून राहिलं तर क्लोरीन उडून जातं आणि माणूस इमानदारीने माप धरून नुसता चुना टाकत राहतो! म्हणून ट्रेनिंग टाकीखाली घ्या, त्याच्याच पोत्यावर, पाण्यातलं क्लोरीन मोजायच्या त्याच्याच क्लोरोस्कोपवर, आणि त्यातलं केमिकल संपलं तर नवीन कुठून मिळेल तेही सांगा. नीरीसारखी पाणी-पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, तिथल्या लोकांना महिन्यातून एकदा हिंगणा, कुही, नरखेडच्या टाक्यांवर पाठवायला काय हरकत आहे?

शहराचं दुखणं जरा वेगळं. इथं प्लांटवर शिकलेली माणसं आहेत, कन्हानला पूर येऊन पाणी गढूळ झालं की जार टेस्ट करून तुरटीचा डोस ठरवणारी. पण लोकांपर्यंत काय पोचतं? "तांत्रिक कारणामुळे पुरवठा बंद राहील." बस. नळ बंद असताना पाइप रिकामा होतो, त्यात टुल्लू पंप लावला की लीकेजमधून शेजारच्या नालीतलं पाणी आत ओढलं जातं आणि ते फक्त पंपवाल्याच्याच घरी जात नाही, हे साधं वाक्य त्या मेसेजमधे का नसतं? व्हॉल्वमनला हे सगळं पाठ असतं, पण तो बोलला तर "तू कोण शिकवणारा" म्हणून त्याचीच कंप्लेंट होते.

तर साहेब, मागणं असं. ट्रेनिंगमधला निम्मा वेळ बोलण्याच्या सरावाला द्या, एकाने चिडलेली बाई व्हायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, हसतील पोट्टे पण शिकतील. त्या दिवसाची मजुरी कापू नका, गावातला हा माणूस तुटपुंज्या मानधनावर काम करतो. प्रत्येक टाकीवर फळा लावा, त्यावर रोजचं शेवटच्या नळाचं क्लोरीनचं रीडिंग खडूने लिहिलेलं असू दे. गावात जलजीवनच्या पाणी तपासायच्या किट बायांकडे दिल्यात, त्यांना आणि त्याला एकाच दिवशी, एकत्र शिकवा, म्हणजे पुढच्या वेळी वास आला तर दारात ओरडायच्या आधी त्या स्वतःच तपासून पाहतील.

आणि जमलं तर या डिसेंबरला विधानभवनातून अर्धा तास काढून जवळच्या एखाद्या टाकीवर या, आधी न कळवता.

आपला,
एक नागपूरकर