मुलांच्या खगोलपुस्तकांत बेळगावचे आकाश कुठे आहे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सीमाभागातील मराठी साहित्य संमेलनांचा हंगाम तोंडावर आला आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशा गावांतून ग्रंथदिंड्या निघतील, मांडवाबाहेर पुस्तकांचे स्टॉल लागतील आणि आईवडिलांचे बोट धरून आलेली मुले ज्या पुस्तकांकडे आधी हात पुढे करतील, त्यांत ग्रहताऱ्यांची पुस्तके हमखास असतील, हे मी शिक्षिका म्हणून वर्षानुवर्षे पाहत आले आहे. शनीची कडी, धूमकेतूची शेपटी, अंतराळवीराचा पोशाख यांची ओढ त्या वयात उपजतच असते. ती लावावी लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो मूल पुस्तक घरी नेते आणि रात्री अंगणात उभे राहून त्यातले आकाश शोधू लागते तेव्हा. आपल्याकडे विक्रीला येणारी मुलांची बरीचशी खगोलपुस्तके इंग्रजी पुस्तकांवरून बेतलेली असतात. मजकूर मराठीत येतो, पण चित्रांतले आकाश लंडन-न्यूयॉर्कचेच राहते. याकडे प्रकाशकांचे, संमेलनांच्या आयोजकांचे आणि वाचनालयांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ध्रुवताऱ्याचेच उदाहरण घेऊ. उत्तर गोलार्धात एखाद्या ठिकाणाचे जितके अक्षांश, जवळपास तितकेच अंश ध्रुवतारा तिथल्या क्षितिजापासून वर असतो. लंडनचे अक्षांश साडेएक्कावन्न, त्यामुळे तिथे तो आभाळात निम्म्याहून वर दिसतो आणि पुस्तकातही तसाच काढलेला असतो. बेळगावचे अक्षांश सुमारे सोळा आहेत. हात लांब करून मूठ आवळली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. म्हणजे आपल्याकडे ध्रुव उत्तर क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर असतो आणि जांबोटी-कणकुंबीकडे तर समोर एखादा डोंगर किंवा दाट झाडी आली की दिसतही नाही. सप्तर्षींचे त्याहून कठीण आहे. लंडनहून पाहिले तर ते कधीच मावळत नाहीत, म्हणून तिथले पुस्तक निःशंकपणे सांगते की कोणत्याही रात्री सप्तर्षींतील क्रतू आणि पुलह यांना जोडणारी रेघ पुढे वाढवावी आणि ध्रुव गाठावा. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे पाऊस सरून आकाश स्वच्छ झालेले असते आणि मुलांना बाहेर थांबायला हरकत नसते नेमक्या त्याच दिवसांत, सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. त्या वेळी ध्रुव शोधायचा तर उत्तरेला उंचावर इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी दिसणारी शर्मिष्ठा ही तारकाकृती गाठीशी धरावी लागते. खानापूर तालुक्यातील माझ्या वर्गात एका मुलीने पुस्तक घेऊन चार रात्री शोध केल्यावर मला येऊन सांगितले होते, “बाई, आमच्या गावात सप्तर्षी येत नाहीत.” पुस्तक चुकले असेल ही शंका तिच्या मनाला शिवलीच नाही, छापलेले बरोबर आणि आपले गाव उणे, असाच अर्थ तिने लावला. मुलांच्या मनावर पुस्तकाचा केवढा अधिकार चालतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वाक्य किरकोळ वाटणार नाही.

उलट, आपल्याला जे दिसते आणि लंडनच्या मुलाला जन्मभर तिथून दिसणार नाही, त्याचा या पुस्तकांत उल्लेखही नसतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून दोन मुठी वर, अगस्ती ठळकपणे तळपत असतो. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तोच. मे महिन्यात, वळवाच्या पावसाने धूळ बसवल्यानंतरच्या एखाद्या रात्री, दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू उभा दिसतो आणि त्याच्या डावीकडे नरतुरंग या तारकासमूहातील सर्वांत तेजस्वी तारा उगवून आलेला असतो. सूर्याखालोखाल आपल्याला सर्वांत जवळची जी तारकाप्रणाली आहे, सुमारे ४.३ प्रकाशवर्षे अंतरावरची, ती हीच. जवळचा तारा कोणता, हा प्रश्न प्रत्येक मुलांच्या पुस्तकात असतो आणि उत्तरही असते. पण त्या प्रणालीतला हा तेजस्वी तारा खानापूरच्या माळावरून नुसत्या डोळ्यांनी दाखवता येतो, हे मात्र सांगितलेले नसते. पश्चिमेकडील जंगलाच्या पट्ट्यात अजूनही रात्री खरा काळोख असतो, त्याचे मोल शहरातल्या लोकांना अधिक कळेल.

चंद्रकोरीचेही तसेच आहे. पुस्तकांत ती उभ्या विळ्यासारखी काढतात, तर आपल्या अक्षांशांवर गुढीपाडव्यानंतरच्या संध्याकाळी ती होडीसारखी जवळजवळ आडवी पडलेली असते. मुले मात्र चित्रकलेच्या वहीत उभीच काढतात. दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेकडे असतो, हे वाक्यही युरोपात खरे आणि बेळगावात खोटे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते; तिथून ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. ऑगस्टमध्ये शून्य सावलीचा दिवस पुन्हा येतो, पण तो बहुधा ढगांत जातो. मे महिन्यातला दिवस शाळेला सुट्टी असतानाचा, म्हणून त्याचा प्रयोग वर्गात होत नाही. तो घरच्या अंगणात कसा करावा हे सांगणारे एक पान पुस्तकात असेल, तर मूल स्वतःच्या डोळ्यांनी पृथ्वीचा कललेला आस समजून घेईल. यासाठी दुर्बीण लागत नाही. एक सरळ काठी, एक ओळंबा आणि वीसेक मिनिटे पुरतात.

या सर्वांहून मला अधिक खटकणारी गोष्ट पावसाच्या नक्षत्रांची आहे. आमच्या मुलांच्या घरी रोहिणीत धूळवाफ पेरणी होते, मृग लागला की आजोबा आभाळाकडे बघतात, आर्द्रा कोरड्या गेल्या तर घरात काळजीचे बोलणे सुरू होते. ही नावे मुलांनी पुस्तकात पाहण्याआधी कानांनी ऐकलेली असतात. सूर्य आकाशात सत्तावीस नक्षत्रांच्या मार्गावरून वर्षभरात एक फेरी पुरी करताना दिसतो, म्हणजे एकेका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस तो मृगात येतो म्हणून आपण मृग लागला म्हणतो, एवढे जरी चित्रासह सांगितले तरी शेतकऱ्याच्या मुलाला खगोलशास्त्र हे परक्या मुलखातले वाटणार नाही. त्यापुढचा प्रश्न तर फारच सुंदर आहे: मृग लागतो तेव्हा आकाशात मृग दिसतो का? दिसत नाही, कारण सूर्य त्याच्याच जवळ असतो आणि त्याच्या तेजात ते तारे हरवून जातात. मृग पाहायचा तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे लागलेला व्याध यांच्यासह. सूर्यामागे कोणते तारे आहेत हे दिवसा न दिसताही आपल्या पूर्वजांनी कसे ओळखले असेल, यावर सहावी-सातवीची मुले तासभर विचार करू शकतात. मी त्यांना करताना पाहिले आहे. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की कोल्हा यावर पाऊस ठरत नाही, हेही त्याच पानावर स्पष्ट सांगायला हवे आणि ते आडपडदा न ठेवता सांगायला हवे. ते सांगावे लागेल या भीतीने नक्षत्रेच पुस्तकातून वगळणे हा उपाय नव्हे.

आपल्या भागाचा या शास्त्राशी असलेला संबंधही मुलांपर्यंत पोहोचत नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजापूर-जमखंडीवरून गेला होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, म्हणजे आजच्या बागलकोट जिल्ह्यात, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारे उपकरण, घेऊन आले होते. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. ऑगस्टचे ढग आडवे येत असतानाही त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात ठळक रेषा दिसल्या आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे उघड झाले. त्याच ग्रहणात गुंटूर येथे फ्रान्सच्या जान्सेन यांनीही तसेच निरीक्षण केले. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात आढळलेली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, त्यावरून हेलियमची कल्पना पुढे आली आणि १८९५ मध्ये तो वायू पृथ्वीवरही सापडला. अथणी आणि रायबागच्या मुलांनी जत्रेत फुग्यात भरलेला जो वायू पाहिला आहे, त्याच्या शोधाच्या कथेतला एक प्रसंग त्यांच्या शेजारच्या गावात घडला, ही माहिती मराठी बालवाचकाला कोण देणार? लंडनमधल्या प्रकाशकाने ती द्यावी अशी अपेक्षा करता येत नाही.

मराठीत हे लिहिण्याची क्षमता नाही, असे कोणी म्हणू नये. निपाणीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात ‘आयुका’सारखी खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली आणि त्याच वेळी मराठी वाचकासाठी आयुष्यभर मराठीत लिहिले. कमी पडते आहे ती लहान मुलांसाठी, इथल्या आकाशाकडे पाहून लिहिलेली आणि इथल्या चित्रकाराने काढलेली पुस्तके. बेळगावसाठी वेगळे पुस्तक काढणे परवडत नाही, हे प्रकाशकांचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते मला पटत नाही, कारण आकाश राज्याच्या सीमेवर बदलत नाही. गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली, सोलापूर हे सर्व पंधरा ते अठरा अक्षांशांच्या आसपास आहेत, आणि पुण्यातही ध्रुव आपल्यापेक्षा तीनच अंश वर दिसतो. बेळगावसाठी अचूक केलेले पुस्तक या साऱ्या मुलखात चालेल.

जुन्या माहितीबद्दल थोडक्यात लिहिते. प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रह ठरवले गेले, तरी नऊ ग्रहांचे तक्ते आणि पुस्तके अजून खपत आहेत. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळून त्यांची संख्या २७४ झाली. असे आकडे बदलणारच, त्यात प्रकाशकाचा दोष नाही. परंतु मुखपृष्ठ नवे आणि आतला मजकूर जुना, असे पुनर्मुद्रण करताना माहिती कोणत्या वर्षापर्यंतची आहे ते पहिल्या पानावर छापणे एवढे तरी बंधन पाळावे. ऋतू हे पृथ्वी सूर्याच्या जवळ-लांब जाण्याने होतात, हे विधान मात्र कोणत्याही वर्षी चूकच होते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे थंडी असताना असते. असे विधान असलेले पुस्तक वाचनालयांनी विकत घेऊ नये.

आमच्या मुलांची आणखी एक गरज महाराष्ट्रातील प्रकाशकांच्या ध्यानात सहसा येत नाही. इथले मूल प्राथमिक शाळेत मराठीतून शिकते, सोबत कन्नड शिकते आणि पुढे अनेकदा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जाते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले त्याची सूत्रे आपल्याच राज्याच्या राजधानीतून, बंगळुरूहून, हलत होती आणि आमच्यापैकी कोणी मूल उद्या तिथे काम करू इच्छीत असेल, तर त्याला तिन्ही भाषा लागतील. पुस्तकाच्या शेवटी दोन पानांची मराठी-कन्नड-इंग्रजी शब्दसूची दिली, तर त्याचे माध्यम बदलताना तुटणारे शिक्षण जोडले जाईल.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. यंदाच्या संमेलनांत बालसाहित्याच्या सत्राबरोबर रात्री तासभर आकाशदर्शन ठेवावे आणि स्टॉलवरच्या खगोलपुस्तकांतील एखादे तरी त्या वेळी उघडून प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहावे. आयोजकांना त्याला वेगळा खर्च नाही. आणि कोणी प्रकाशक आपल्या अक्षांशांसाठी पुस्तक करू इच्छीत असेल, तर महिनावार आकाशाचे नकाशे बेळगाव-खानापूर परिसरात प्रत्यक्ष तपासून देण्यास माझ्यासारखे काही निवृत्त शिक्षक मोबदल्याशिवाय तयार आहेत. तसा निरोप आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत पोहोचला तरी चालेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव