आई-बाबा, मी कोलंबोतच राहतेय

कोलंबो, २५ मे २०२५

प्रिय आई आणि बाबा,

सविनय जय भीम.

फोनवर हा विषय काढला की आई "जेवलीस का" विचारते आणि बाबा फोन आईच्या हातात देऊन ओटीवर निघून जातात, म्हणून लिहितेय. दादा वाचून दाखवेल, पण बाबा, चष्मा लावून तुम्ही स्वतः वाचलंत तर मला जास्त बरं वाटेल.

कंपनीने मला इथे अजून तीन वर्षं राहायला सांगितलं आणि मी करारावर सही केली. आधी कळवलं असतं तर तुम्ही दोघं रात्र-रात्र जागला असता आणि मला नाही म्हणणं भाग पडलं असतं. पगार वाढलाय, हाताखाली आता पूर्ण प्लॅनिंग विभाग आहे, आणि घराचं कर्ज दोन वर्षांत फिटेल. महाडहून मुंबईला पोचायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात मुंबईहून विमान इथे उतरतं. दुबईला गेले असते तर तुम्ही पेढे वाटले असते. इथे राहतेय म्हणून घरात सुतक पाळल्यासारखं करू नका.

पण बाबा, तुमची अडचण अंतराची नाही, ते मला कळतं. सप्टेंबरात अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले त्या संध्याकाळी तुम्ही एवढंच म्हणालात, "आता परत ये." जनता विमुक्ती पेरमुना, म्हणजे जेव्हीपी, या पक्षाचा माणूस खुर्चीवर बसला म्हणजे काय, हे आमच्या पिढीला पुस्तकातून वाचावं लागतं, तुम्हाला नाही. तुम्ही भारतीय शांतिसेनेबरोबर जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरलात तेव्हा तुमच्या समोर तमिळ वाघ, म्हणजे एलटीटीईवाले, होते आणि पाठीमागे दक्षिणेत ही मंडळी भारतीय माल विकणाऱ्यांना धमकावत होती. त्यांच्या पोरांना पक्षात घेताना जे पाच पाठ शिकवायचे, त्यात एक पाठच भारतीय विस्तारवादावर होता. दिसानायके पक्षात आले तेही त्याच काळात. हे सगळं खरं आहे आणि तुमचा राग मी चुकीचा मानत नाही.

तरी आठ महिने हा माणूस काय करतोय ते मी इथून रोज बघतेय, म्हणून मला दिसलं ते सांगते. पटलं नाही तर तसं लिहा, पण फोन आईकडे देऊ नका.

निवडून आल्यावर पहिला परदेश दौरा त्यांनी दिल्लीचा केला, डिसेंबरमध्ये. आपल्या भूमीचा वापर भारताच्या सुरक्षेविरुद्ध होऊ देणार नाही, असं तिथे स्पष्ट सांगितलं आणि परतण्याआधी बुद्धगयेला जाऊन आले. महिन्याभरात बीजिंगलाही गेले, आणि हंबनटोटाच्या तेल शुद्धीकरण कारखान्यासाठी सिनोपेकशी ३७० कोटी डॉलरचा करार करून आले. तुमच्या मित्रमंडळींना ते खटकलं असेल. पण दोन कोटींच्या आसपास लोकवस्तीचा, दिवाळखोरीतून नुकता उठलेला देश दोन बलाढ्य शेजाऱ्यांपैकी एकाशीच बोलून चालणार नाही. आधी दिल्ली आणि मग बीजिंग हा क्रम त्यांनी ठरवून ठेवला होता असं मला वाटतं. एप्रिलमध्ये मोदी आले तेव्हा संरक्षण सहकार्याचा सामंजस्य करार झाला, असा दोन्ही देशांतला पहिलाच. जेव्हीपीच्या राष्ट्राध्यक्षाने! एकच गोष्ट मला आवडली नाही, त्या करारांचे मसुदे लोकांपुढे ठेवलेले नाहीत. पारदर्शक कारभाराचं वचन देऊन मतं मागितली, तर कागद दाखवायला हवेत.

५ एप्रिलला मोदींनी शांतिसेनेच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत, आणि त्या दिवशी जेवला नाहीत, असं आई म्हणाली. बाबा, नंतरच्या रविवारी मी तिथे गेले. संसदेजवळ आहे, माझ्या घरापासून रिक्षाने फार लांब नाही. सुमारे बाराशे नावं कोरलेली आहेत. मेजर परमेश्वरन तुमच्याच रेजिमेंटचे, २५ नोव्हेंबर १९८७ ला शहीद झाले, ते मी शाळेत पाठ केलं होतं कारण तुम्ही दरवर्षी त्या दिवशी गप्प असायचात. ज्यांची मुलगी माझ्याबरोबर पाचवीपर्यंत होती त्या काकांसाठीही मी फुलं ठेवली. पहाऱ्यावरच्या सैनिकाने माझी चौकशी केली. माझे वडील जाफन्यात होते असं सांगितल्यावर त्याने मला पाणी आणून दिलं. परिसर स्वच्छ आहे, गवत कापलेलं आहे, कोणी काही खराब केलेलं नाही. हे तुम्हाला सांगायचंच होतं.

त्याच जाफना जिल्ह्यात नोव्हेंबरच्या संसदेच्या निवडणुकीत दिसानायकेंच्या आघाडीला सहापैकी तीन जागा मिळाल्या. दक्षिणेतल्या सिंहली पक्षाला तमिळांनी मत द्यावं, हे तुमच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर तुम्ही वेड्यात काढलं असतं. पलालीकडचा लष्कराने अडवलेला रस्ता नोव्हेंबरमध्ये चौतीस वर्षांनी लोकांसाठी खुला झाला. तोच रस्ता, बाबा. जमिनी मात्र अजून बऱ्याच लष्कराकडे आहेत आणि लोक वाट पाहताहेत.

घरात, म्हणजे देशात, दिसानायकेंनी काय केलं ते सांगायला आमच्या मालकीणबाईंपासून सुरुवात करायला हवी. आई, ज्या तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर हातवारे करून बोलतात त्याच. त्यांचा धाकटा भाऊ १९८९ मध्ये घरातून उचलून नेला आणि तो परत आला नाही. तो जेव्हीपीत होता की नुसता त्या वयाचा होता, हे त्यांना आजही माहीत नाही. मार्चमध्ये बटलंडा छळछावणीच्या, जिथे तेव्हा जेव्हीपीच्या संशयितांना कोंडून छळत, चौकशीचा अहवाल संसदेत मांडला गेला, इतकी वर्षं धूळ खात पडलेला. त्या दिवशी त्या दुपारभर टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. बाबा, तुम्हाला ज्या पक्षाची चीड आहे त्या पक्षाने इथे माणसं मारली, आणि त्याची मुलंही हजारोंनी मारली गेली. दिसानायकेंनी त्या काळातल्या हिंसेबद्दल २०१४ मध्येच माफी मागितली होती. ती पुरेशी आहे असं मी म्हणत नाही. पण मागितली, एवढं खरं.

पैशाचं बघाल तर त्यांनी शहाणपणा दाखवलाय. प्रचारात नाणेनिधीच्या अटी बदलून घेऊ म्हणाले होते, आल्यावर २९० कोटी डॉलरचा तोच कार्यक्रम पुढे चालवला. ती घडी आधीचे राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघेंनी बसवली होती, त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण सत्तेवर येताच मागच्याचं सगळं मोडून टाकायचा मोह यांनी आवरला, हेही मी त्यांच्या बाजूने धरते. २०२२ ला पेट्रोलच्या रांगा, औषधं नाहीत, तेरा-तेरा तास वीज नाही, हे तुम्ही बातम्यांत बघत होतात. आज तसं काही नाही. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात सरकारी नोकरांचं किमान मूळ वेतन २४,२५० वरून ४०,००० रुपयांवर नेलं, टप्प्याटप्प्याने. जानेवारीत वीज सरासरी वीस टक्क्यांनी स्वस्त केली, आता नाणेनिधी म्हणतोय की वीज तोट्यात विकू नका. म्हणजे बिल पुन्हा वाढणार. ते मी भरू शकते, काळजी नको.

महागाईत मात्र ते कमी पडले. डिसेंबरात तांदूळ मिळेना, नारळ दोनशेच्या वर गेला, आणि आता चारी बाजूंनी समुद्र असलेल्या देशात मीठ बाहेरून मागवावं लागलंय. सभापती झालेल्या गृहस्थांना आपली डॉक्टरेट सिद्ध करता आली नाही, राजीनामा द्यावा लागला. दहशतवादविरोधी कायदा रद्द करू म्हणाले होते, उलट मार्चमध्ये एका तरुणाला स्टिकर लावल्यावरून त्याच कायद्याखाली आत टाकलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ज्यांची स्वतःची पोरं अशा कायद्यांखाली नाहीशी झाली त्यांनी तो एक दिवसही ठेवायला नको होता. चहाच्या मळ्यांतल्या मजुरांना रोज १७०० रुपये मिळवून देऊ म्हणाले, ते अजून हातात पडलेले नाहीत. पण त्या मळ्यांतल्या समाजातल्या बायका पहिल्यांदा संसदेत निवडून आल्यात, तेव्हा आई, मला तुझी फार आठवण झाली. चवदार तळ्याच्या गावात वाढलेल्या मुलीला त्याचं मोल कोणी समजावून सांगायला नको. पंतप्रधानही एक बाई आहेत, हरिणी अमरसूर्या, दिल्लीच्या हिंदू कॉलेजात शिकलेल्या.

लोकांनाही हे सगळं दिसतंय. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीला जवळपास ६२ टक्के मतं होती, या महिन्याच्या स्थानिक निवडणुकांत ४३ वर आली. लोकांनी कान धरलाय. मला ते चांगलं लक्षण वाटतं, कारण रस्त्यावर न उतरता, मतपेटीतून धरलाय. मला विचाराल तर देशाबाहेरच्या कामात मी त्यांना बरे गुण देईन, घरातल्या कामात काठावर पास. पण माणूस लबाड वाटत नाही, आणि भारतीय म्हणून मला इथे या आठ महिन्यांत एकदाही वाकडा शब्द ऐकावा लागलेला नाही.

आई, फेब्रुवारीत कोर्टात गोळीबार झाला ती बातमी पाहून तू रात्रभर फोन करत होतीस. तो टोळ्यांचा आपसातला हिशेब होता. वाईटच आहे, पण मी त्या भागात जातही नाही. कंपनीची गाडी दारात येते आणि दारात सोडते. आणि ट्रम्पने एप्रिलमध्ये ४४ टक्के आयातशुल्क जाहीर केलं तेव्हा आमच्या कारखान्यात दोन दिवस कोणाला काही सुचत नव्हतं, इथले कपडे सगळ्यात जास्त तिकडेच जातात. पण ते ९० दिवस पुढे ढकललंय, सरकारचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला जाऊन बोलतंय. इथलं काम कमी झालं तर कंपनी मला चेन्नईला पाठवेल, तसं करारात लिहून घेतलंय. तुमचीच मुलगी आहे, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही.

खाण्याचं विचारू नकोस, आई. नाचणीचं पीठ इथे कुरक्कन म्हणून सगळीकडे मिळतं, भाकरी मी रोज थापते आणि आता ती फुगते. सुकट, सुका मासा तर आपल्या बाजारापेक्षा जास्त. तू दिलेला मसाला जुलैपर्यंत पुरेल. वैशाख पौर्णिमेला अख्ख्या गल्लीत आकाशकंदील लागले होते, रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण देत होते, आणि मला आपल्या वस्तीतली जयंती आठवत होती. बाबांच्या खांद्यावर बसून मी मिरवणूक बघायचे, आणि पाय दुखायला लागले तरी बाबा मला खाली उतरवायचे नाहीत. तेव्हा तुमच्या गुडघ्याचं मला काय माहीत! आता कळतं, तर अजून वाईट वाटतं.

म्हणून आता नीट ऐका. बाबा, शुगरची गोळी जेवणानंतर, आधी नाही. तीन महिन्यांची शुगर या महिन्यात तपासायची होती, रिपोर्टचा फोटो मला हवाय. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, दर वेळी शोधाशोध नको. पावसात विहारात चालत जाऊ नका, रिक्षा करा, पैसे वाचवू नका. आई, तू उंचावरची भांडी काढायला स्टुलावर चढणं बंद कर, वहिनीला सांग. रात्रीचा भात अर्धा. आणि बाबांना चोरून लाडू देणं थांबव, मला सगळं कळतं.

आणखी एक. डिसेंबरात, बाबांचा हयातीचा दाखला झाला की, तुम्ही दोघं इथे या. अनुराधापूरचा बोधिवृक्ष आईला बघायचाय, ती वीस वर्षं म्हणतेय. बाबासाहेब १९५० मध्ये परिषदेसाठी कँडीला आले होते, तिथेही जाऊ. बाबा, तुम्हाला जाफन्याला जायचं असेल तर मी बरोबर येईन, नसेल जायचं तर त्या दिशेने गाडीही वळणार नाही. स्मारकावर जायचं की नाही तेही तुम्हीच ठरवा. मी आग्रह करणार नाही, विचारणारही नाही.

पण पासपोर्टचे फॉर्म या आठवड्यात दादाकडून भरून घ्या. आईचा शाळेचा दाखला लोखंडी कपाटात खालच्या खणात, माझ्या दहावीच्या मार्कशीटखाली आहे. त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, ते आधी दुरुस्त करावं लागेल. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी जा.

तुमची,
बाय