हेझल स्कॉटची पंधरा मिनिटं : लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांना खुलं पत्र

मा. ग्रंथपाल,
लायब्ररी ऑफ काँग्रेस, वॉशिंग्टन

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. तुमच्याकडे मराठी वाचणारी माणसं आहेत. १९६२पासून तुमची दिल्लीची कचेरी मराठी पुस्तकं विकत घेते आहे, आणि सुरुवातीची खरेदी तर पी.एल. ४८० या अमेरिकी कायद्याखाली भारताला रुपयांत विकलेल्या गव्हाच्या पैशातून झाली होती. तो लाल गहू आमच्या आईवडिलांनी रेशनच्या रांगेत उभं राहून आणला, निवडला, खाल्ला. तेव्हा तुमच्या कपाटांवर आमचाही थोडा हक्क आहे, असं धरून लिहिते आहे.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते. फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात जाणं होतं, तळघरातला डोसा खाणं होतं, आणि तिथून फार लांब नसलेल्या फ्लशिंग स्मशानभूमीत अधूनमधून एक चक्कर होते. लुई आर्मस्ट्राँग तिथे आहे, डिझी गिलेस्पी तिथे आहे. जाझच्या या दोघा ट्रंपेटवाल्यांना भेटायला पर्यटक येतात. पियानो वाजवणारी हेझल स्कॉटही तिथेच आहे. तिचं नाव काढलं की बहुतेक जण विचारतात, कोण? तिच्या हरवलेल्या टीव्ही कार्यक्रमासाठी हे पत्र आहे.

मी पेटी शिकले आहे, त्यामुळे मला तिची ओळख तिच्या बोटांवरून सांगावीशी वाटते. जन्म १९२०चा, त्रिनिदादचा, पोर्ट ऑफ स्पेनचा. चार वर्षांची असताना आईबरोबर न्यूयॉर्कला आली. आठव्या वर्षी जुलियार्ड या संगीतशाळेत परीक्षा द्यायला बसली. तिथे प्रवेशाचं वय होतं सोळा. वाजवायला घेतलं रखमानिनोव्ह या रशियन संगीतकाराचं प्रेल्यूड, म्हणजे पियानोची एक छोटी रचना. त्यात खालचा सा आणि वरचा सा एका हातात एकदम धरावे लागतात. पोरीचा पंजा तेवढा पसरत नव्हता. म्हणून जिथे सप्तक हवं तिथे तिनं धैवतापर्यंतच मजल मारली, आणि सुरावट बिघडू न देता पूर्ण तुकडा वाजवला. ज्या पेटीवाल्यानं लहानपणी करंगळी ताणून ताणून रडं आणलंय त्यालाच कळेल हा प्रकार. तिथल्या प्राध्यापकानं वयाचा नियम बाजूला ठेवून तिला खासगीत शिकवायला घेतलं.

पुढे १९३९पासून ती ग्रेनिच व्हिलेजमधल्या कॅफे सोसायटीची मुख्य आकर्षण झाली. काळे-गोरे एकाच टेबलाला बसतील असा क्लब बार्नी जोसेफसननं आदल्या वर्षीच काढला होता. हेझल आधी अगदी शिस्तीत शोपँच्या अभिजात रचना वाजवायची, श्रोते सावरून बसायचे, आणि मग डावा हात हळूच जाझच्या खोड्या काढायला लागायचा.

हॉलिवूडनं बोलावलं तेव्हा तिनं करारात लिहून घेतलं की मोलकरणीचं काम करणार नाही, पडद्यावर हेझल स्कॉट म्हणूनच येईन. १९४३च्या ‘द हीट्स ऑन’मध्ये एक पांढरा आणि एक काळा असे दोन पियानो मांडून मधे बसलेली ती दिसते. दोन्ही हात दोन दिशांना, मान तिसरीकडे. याच चित्रपटात एका गाण्यात काळ्या बायका नवऱ्यांना लढाईवर निरोप देतात, आणि त्यांना घालायला दिले होते मळके ॲप्रन. हेझलचं म्हणणं, जाणाऱ्या माणसाला निरोप द्यायला कुठली बाई मळक्या कपड्यांत जाईल? तीन दिवस तिनं काम बंद ठेवलं. ॲप्रन बदलले. स्टुडिओचा मालक हॅरी कोन मात्र हे विसरला नाही, आणि थोड्याच वर्षांत तिची चित्रपटाची वाट बंद झाली.

तिच्या बाकीच्या लढाया तुम्हाला ठाऊक असतीलच. तुमच्याच शहरातल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलनं १९४५मध्ये ती काळी म्हणून तिला कार्यक्रम नाकारला, तेव्हा नवरा ॲडम क्लेटन पॉवेल अमेरिकी संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा सभासद होता. श्रोत्यांत काळे एका बाजूला, गोरे दुसऱ्या बाजूला बसवलेले दिसले की ती वाजवायची नाही. १९४९मध्ये पास्को गावातल्या उपाहारगृहात तिला वाढलं नाही, म्हणून तिनं खटला भरला. मागितले होते ५०,००० डॉलर, मिळाले २५०. तेही तिनं काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपीला देऊन टाकले.

आता मुद्द्यावर येते. ३ जुलै १९५० रोजी ड्यूमाँट या टीव्ही वाहिनीच्या देशभरच्या जाळ्यावर ‘द हेझल स्कॉट शो’ सुरू झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पंधरा-पंधरा मिनिटं. स्वतःच्या नावाचा असा कार्यक्रम अमेरिकेत मिळालेली ती पहिली काळी बाई. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी ‘रेड चॅनल्स’ नावाचं चोपडं निघालं होतं. कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय म्हणून १५१ जणांची नावं त्यात छापलेली, एक तिचं. कुणी बोलावलं नसताना ती आपणहून २२ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाच्या, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या समितीपुढे गेली, मी कम्युनिस्ट नाही म्हणाली, आणि क्षुद्र माणसांच्या चिखलफेकीवरून कलावंतांना निकालात काढू नका असं तोंडावर सुनावून आली. एका आठवड्यात, २९ सप्टेंबरला, कार्यक्रम बंद.

ती साक्ष सरकारनं छापली. प्रश्न, उत्तर, मधली टोकाटोकी, सगळं आजही वाचायला मिळतं. आणि कार्यक्रम? एकही भाग सापडत नाही. तिला आरोपी ठरवणाऱ्यांचा शब्दन्‌शब्द जपला गेला आणि ती जे वाजवत होती ते गेलं, ही गोष्ट मला फार लागते.

त्या काळी व्हिडिओ टेप नव्हती. टीव्हीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावून चित्रण करत, त्याला किनेस्कोप म्हणत. ड्यूमाँट १९५६पर्यंत संपली. तिच्या रिळांचं पुढे काय झालं ते तुमच्याच ग्रंथालयानं १९९६मध्ये घेतलेल्या सुनावणीत अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी सांगितलं : सत्तरच्या दशकात ट्रक भरभरून न्यूयॉर्कच्या खाडीत ओतली. आमच्याकडे याला गंगार्पण म्हणतात, पण ते आपण होऊन करायचं असतं. माझ्या आत्यानं एका केंद्रावर गायलेल्या भावगीताची टेपही अशीच दुसऱ्या कार्यक्रमासाठी पुसून वापरली गेली. ती कधी तक्रार करत नाही. फक्त कुणी विषय काढला की उठून चहा टाकायला जाते.

पण खाडीत गेलं ते ड्यूमाँटच्या गोदामातलं. जाळ्यावरच्या ज्या गावांत थेट प्रक्षेपण पोचत नसे, तिथल्या केंद्रांना किनेस्कोप टपालानं जात. ड्यूमाँटचे इतर काही कार्यक्रम आज पाहायला मिळतात ते अशा विखुरलेल्या प्रतींमुळेच. मग हेझलचं एखादं रीळ कुठल्या केंद्राच्या माळ्यावर, कुठल्या तंत्रज्ञाच्या वारसांच्या गॅरेजमध्ये नसेलच कशावरून? त्या केंद्रांना आणि वारसांना तुमच्या नावानं एक जाहीर आवाहन जाऊ द्या. माझ्यासारखीचं पत्र टोपलीत जाईल, तुमचं जाणार नाही.

आणि एक तुमच्या घरचं. व्हर्जिनियात कल्पेपरला तुमचं चित्रपटांचं कोठार आहे. शीतयुद्धाच्या काळात अणुयुद्ध झालंच तर उपयोगी पडावेत म्हणून तिथल्या तळघरात डॉलरच्या थप्प्या ठेवल्या होत्या. आता तिथे रिळं आहेत. त्यांत ड्यूमाँटचा, १९५०च्या उन्हाळ्याचा, आत काय आहे याची नोंद नसलेला एखादा डबा असेल, तर तो आधी उघडायला सांगा.

उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल.

कळावे,
क्वीन्समधली एक पेटीवाली