जुन्या पुराच्या खुणा दाखवा, पूरखांबांना हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या माणसाला पूर नवा नाही. कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिळते, वारणा हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला. महाबळेश्वरपासून राधानगरीपर्यंत घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस शेवटी आपल्याच शिवारात येतो. इथं नदीला उतार कमी आणि वळणं फार. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी तटतं आणि मागं फुगत जातं. त्यात पात्रातली अतिक्रमणं, पुलांचे भराव. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टी आणि अतिक्रमणांवर बोट ठेवलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला दोष दिला नाही. पारावर तो वाद अजून चालूच आहे, चालू दे.

आमची अडचण वेगळी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. तिथं २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. सांगलीत आयर्विन पुलापाशी मात्र २०१९ चंच पाणी जास्त. मोबाईलवर हे आकडे मिनिटाला येतात, पण आपल्या गल्लीतली म्हस कधी सोडायची ते त्यातून कळत नाही. पूर्वी नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की जुनी माणसं नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढायला निघायची. त्यापुढचा हिशेब ज्याच्या त्याच्या डोक्यात.

तो हिशेब आता खांबांवर मांडायचा आहे. वेशीजवळ, शाळेपाशी, दूध संस्थेसमोर आणि रस्त्याच्या सखल भागात फूट-इंचांच्या खुणांचे पूरखांब उभारायचं ग्रामसभेत ठरलं आहे. प्रत्येकावर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची रेघ असेल. त्याआधीच्या पुरांची खूण सापडली तर तीही.

म्हणून पहिली विनंती घराघराला. तुळईवर कोळशानं ओढलेली रेघ, देव्हाऱ्याच्या कोनाड्याखालचा चिखलाचा पट्टा, पुरातला तारखेचा फोटो, काहीही असो, आम्हाला दाखवा. मातीची घरं पडली तशा पुष्कळ खुणा गेल्याच आहेत. उरलेल्या दिवाळीच्या रंगात जातात. भिंत रंगवण्याआधी एक निरोप द्या. ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांशी बोलायला आमची पोरं घरी येतील, चहाची अपेक्षा नाही (दिलात तर नको म्हणणार नाहीत).

दुसरी विनंती पैशाची. लोखंड, सिमेंट, रंग यांचं अंदाजपत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं आहे. रकमेचं बंधन नाही, पावती प्रत्येकाला मिळेल. पुण्या-मुंबईतल्या गावकऱ्यांनी धनादेश ग्रामपंचायतीच्याच नावे काढावा, कुणा व्यक्तीच्या नावे नको. लेव्हलिंगचं यंत्र हाताळणारे डिप्लोमाचे विद्यार्थी किंवा ओव्हरसियर चार दिवस देऊ शकले, तर तीही देणगीच समजू.

मृग निघायच्या आत खांब उभे राहायला हवेत. कार्यालय सकाळी उघडं असतं; रविवारी पोरं शाळेच्या पटांगणावर भेटतील.

आपले,
सरपंच, सदस्य व समस्त ग्रामस्थ