आईच्या रेडिएशनबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, तुझ्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढल्यानंतरचा बायोप्सीचा शेवटचा रिपोर्ट वाचला. गाठ दीड सेंटिमीटर, कडा मोकळ्या, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, ईआर जोरदार पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारी. म्हणूनच डॉक्टर म्हणाले, रेडिएशन घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बाबा, हा त्यांचा हलगर्जीपणा नाही. अशा गाठीला पासष्टीनंतर हा पर्याय खरोखरच असतो.

प्राइम-टू अभ्यासात 65 च्या पुढच्या 1,326 स्त्रिया होत्या, सगळ्यांना हार्मोन रोखणारी गोळी. 2023 साली दहा वर्षांचे आकडे छापून आले. रेडिएशन न घेतलेल्यांत सुमारे 9.5 टक्के जणींना त्याच स्तनात आजार परतला, घेतलेल्यांत 0.9 टक्के. हयात राहण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच, 81 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रेडिएशनने आयुष्य लांबत नाही, पुन्हा ऑपरेशनची पाळी टळते.

पण रेडिएशन टाळायचं तर लेट्रोझोल ही तशीच गोळी पाच वर्षं रोज घ्यायलाच हवी. तिने सांधे दुखतात, हाडं विरळ होतात. आई, तुझे गुडघे आधीच कुरकुरतात आणि बीपीची गोळी तू मधूनच सोडतेस. गोळी सुटली की आजार परतायचा धोका वाढतो. म्हणून माझं मत रेडिएशन घ्यावं असंच आहे. गोळी तरीही सुरू ठेवायची, आणि त्याआधी हाडांची डेक्सा तपासणी करून घ्यायची.

पाच दिवसांचा कोर्स, एकूण 26 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), तुला चालेल का ते विचारा. नाहीतर तीन आठवड्यांत 15 वेळा, 40 ग्रे. आधी सीटी प्लॅनिंग होतं, म्हणजे स्कॅन काढून किरण कुठे द्यायचे ते आखतात, तेव्हा हात डोक्यावर धरून निजावं लागतं. खांदा आखडला असेल तर तिथेच अडतं, म्हणून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम आजपासून कर. गाठ डावीकडची, त्यामुळे खोल श्वास रोखायला सांगतील. छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब सरकतं. वीसेक सेकंद श्वास धरायची सवय कर. मशीनखाली दुखत नाही, आणि अंगात किरण राहत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घे.

त्वचेची लाली बहुतेकदा कोर्स संपल्यावर वाढते, घाबरू नका. मुंबईच्या घामात स्तनाखालची घडी सोलवटते. तिथे पाणी टिपून घे, चोळू नको. पावडर नको, हळदीचा लेप तर नकोच. सैल सुती ब्लाउज घाल, प्लॅनिंगला अंगावर काढलेल्या खुणा पुसू नकोस.

बाबा, रेडिएशनसाठी परळला जायला दुपारची वेळ मागून घ्या. सकाळच्या लोकलमध्ये तिच्या काखेला धक्का लागायला नको.

तुमची,
ताई