बत्तीसाहेब, ती पहाट तुमच्यामुळे ऐकायला मिळाली

आदरणीय बत्तीसाहेब,
सा. न. वि. वि.

जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसरला सगळे 'बत्तीसाब' म्हणतात, हे तुम्हीच सांगितलंत आणि तेव्हापासून आमच्या मंडळात तुम्हाला दुसरं नावच उरलं नाही. खरं नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही बजावलंय. ते पाळते. पण आभार चारचौघांतच मानणार, तेवढं मात्र ऐकून घ्यावं लागेल.

आमचं मंडळ डोंबिवलीतलं, शंभर-सव्वाशे माणसांचं, बहुतेक जण साठीच्या आसपासचे. हट्ट एकच, राग त्याच्या वेळेला ऐकायचा. लहानपणी बाबा मला पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला न्यायचे, तेव्हा तो रात्रभर चालायचा. शाल गुंडाळून बसायचं, मध्यरात्री मालकंस ऐकायचा आणि उजाडताना भैरव. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद झाला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. शेजारच्या घरात आजारी माणूस असतो, परीक्षेची मुलं असतात. पण उत्तररात्रीची सोहनी आणि पहाटेचा ललत त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकणं आमच्यासाठी संपल्यात जमा झालं.

माझ्या मुलाने एकदा '70000 टन्स ऑफ मेटल'बद्दल सांगितलं. फ्लोरिडाहून 2011 पासून अख्खं जहाज ठरवून नेतात आणि चार दिवस त्यावर हेवी मेटलचे, म्हणजे कर्कश रॉक संगीताचे, बँड वाजतात. समुद्रात शेजारी नसतात, एवढंच आम्ही त्यातून उचललं आणि जहाज घ्यायचं ठरवून टाकलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा एका मध्यस्थाचं कोटेशन माझ्या हातात होतं आणि चार लाखांचा चेक पर्समध्ये होता. तुम्ही कागद दोनदा वाचलात आणि विचारलंत, "यात जहाज कंपनीचं पत्र कुठाय?" नव्हतंच. तो चेक आजही माझ्याकडे आहे, फाडून टाकवत नाही.

मग तुम्ही वही ओढलीत आणि दोन तास चार्टर म्हणजे काय ते समजावलंत. पूर्ण जहाज घेतलं की केबिन भरो न भरो, सगळ्या केबिनचे पैसे आपले, तेही प्रत्येकीत दोन माणसं धरून. बंदराचे आकार वेगळे. पैसे हप्त्यांनी, पण जहाज सुटायच्या आधी सगळे चुकते. हवा बिघडली आणि कॅप्टनने मार्ग बदलला, तर तो त्याचा अधिकार. आणि जे आम्हाला सुचलंच नसतं ते असं की जहाजाची बरीच कमाई बार आणि कसिनोतून होते. आमच्यासारखे चहावर रात्र काढणारे लोक नेले, तर ती तूट काही करारांत चार्टर करणाऱ्याकडून भरून घेतात. जाता जाता तुम्ही हेही सांगितलंत की जहाजाचं सत्तर हजार टन म्हणजे वजन नव्हे. ग्रॉस टनेज आतल्या जागेवरून काढतात. मुलाला घरी येऊन पहिल्यांदा हेच सांगितलं.

तुम्ही नाही म्हणालात, पण आम्हाला तसंच परत पाठवलं नाहीत. मुंबई-गोवा फेरीत गटाच्या केबिन घ्या आणि एक लाउंज रात्रभरासाठी मागा, हे तुम्ही सुचवलंत. कंपनीला पत्र कसं लिहायचं तेही तुम्हीच सांगितलंत. आम्हाला उघड्या डेकवर, चांदण्यात गाणं हवं होतं. तुम्ही म्हणालात, जहाज 15 नॉटने निघालं की वारा पडलेला असला तरी डेकवर ताशी 28 किलोमीटरचा वारा लागणार. माइकमध्ये नुसतं घोंघावेल आणि खाऱ्या हवेत तबला उतरेल. लाउंजमध्येही बैठक डाव्या अंगाला मांडायला लावलीत, कारण दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे असतो आणि सूर्य सह्याद्रीवरूनच येणार.

माघातली ती रात्र. संध्याकाळी सेफ्टी ड्रिल झालं. माझ्या आईला लाइफ जॅकेट बघूनच रडू फुटलं, कारण 17 जुलै 1947ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली तेव्हा ती रेवसला, माहेरी होती. तुम्ही तिच्या शेजारी बसलात. "मावशी, हे जॅकेट आहे म्हणून भ्यायचं नाही, हे आहे म्हणून निवांत गाणं ऐकायचं," म्हणालात आणि पट्टा कसा बांधायचा ते तिच्याच हातून तीनदा करून घेतलंत. त्या रात्री आई बिहागापर्यंत जागी होती.

दहा वाजता माइक लावले आणि स्पीकरमधून घरघर सुरू झाली. आमच्या गायिकेची पट्टी, म्हणजे तिचा 'सा', पेटीवरची काळी पाच. तिने तानपुरे लावले, डोळे मिटले आणि थांबली. "खाली दुसराच षड्ज लागतोय," म्हणाली. तुम्ही मान तिरकी करून ऐकलंत आणि लगेच सांगितलंत की घरी वीज 50 हर्ट्झची असते, इथे जहाजावर 60ची, त्यामुळे ही घरघर काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये पडतेय. तिच्या सुराला अगदी खेटून, पण बेसूर. मी इतकी वर्षं गाणं ऐकतेय, पण विजेलाही पट्टी असते हे मला त्या रात्री कळलं.

तरीही तुम्ही वायरला हात लावला नाहीत. "आता मी इथे प्रवासी आहे," म्हणालात आणि ड्यूटीवरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतलंत. त्या मुलाशी किती आदराने बोललात! मिक्सर एका सर्किटवर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर होता, ते दोन्ही त्याने एकाच बोर्डावर जोडून दिले. घरघर गेली. गायिकेने वाकून त्या मुलाला नमस्कार केला, तर तो बिचारा लाजून दाराआड झाला. त्याचेही आभार, तो भेटला तर सांगा.

तिकीटही तुम्ही स्वतःच्या पैशाने काढलं होतंत. मंडळाने दिलेलं पाकीट परत केलंत, फक्त नारळ ठेवून घेतलात.

एक गोष्ट मला नंतर कळली. जोडणी सैल पडू नये म्हणून तुम्ही रात्रभर त्या बोर्डापाशी, भिंतीकडे तोंड करून बसला होतात. आम्ही सगळे खिडकीकडे बघत होतो. डोंगरांच्या कडेवर आधी राखाडी, मग केशरी रेघ उमटली आणि ललतातले दोन्ही मध्यम एकमेकांना बिलगले, तेव्हा तुमची पाठ होती. ते उजाडणं तुम्ही पाहिलंच नाहीत.

म्हणून पत्रासोबत रेकॉर्डिंग पाठवते आहे. हेडफोन लावून ऐका. ललतापूर्वी दोन मिनिटं नुसते तानपुरे आहेत आणि त्यांच्याखाली कसलीही घरघर नाही.

आपली नम्र,
मंडळाची चिटणीस