बटणाएवढे होकायंत्र आधी अंगणात तपासा

महोदय,

पावसाळी भटकंतीच्या सामानाच्या याद्या सध्या सगळीकडे फिरत आहेत. त्यांत ‘होकायंत्र’ एवढाच शब्द असतो, पुढे काही नाही. मग लोक शिट्टीत किंवा घड्याळाच्या पट्ट्यावर बसवलेले, दोन सेंटिमीटरचे बटण-होकायंत्र घेतात, मोबाइलच्याच कप्प्यात टाकतात आणि निर्धास्त होतात. मोबाइल भिजला, बॅटरी संपली तर हाच आधार, म्हणून ते घ्यायलाच हवे. पण मोबाइलच्या स्पीकरमध्ये आणि फ्लिप कव्हरमध्ये चुंबक असतो. त्याला चिकटून राहिलेला काटा काही वेळा उलटा चुंबकित होतो आणि लाल टोक चक्क दक्षिण दाखवू लागते. काटा फिरतो, डुलतो, नीट स्थिरावतो; त्यामुळे धुक्यात शंकाही येत नाही.

दुकानात डब्यातला ढीग बघून निवड करू नका. तिथे एकाचा काटा दुसऱ्याला ओढत असतो. एकच उचलून बाजूला या. घरी आल्यावर अंगणात, गाडी, पंप आणि लोखंडी फाटकापासून दहा-पंधरा पावले दूर, तळहातावर आडवे धरा. सुरीचे पाते जवळ नेऊन काटा हलवा, पाते लांब करा. काटा पुन्हा त्याच जागी यायला हवा. पाच वेळांत दोनदा भलतीकडे थांबला, तर तो टेकणीवर अडकतो आहे, परत करा. काट्याने दाखवलेली उत्तर दिशा खरी की उलटी, हे मावळतीवरून कळते. मात्र जूनमध्ये आपल्याकडे सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, सुमारे २४ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. ‘भर दुपारी सूर्य दक्षिणेला’ हा नियमही त्या दिवसांत कोकणात खोटा ठरतो, कारण तेव्हा तो डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो.

उत्तर युरोपसाठी तोललेली होकायंत्रे इथे कुरकुरतात. तिकडे चुंबकीय ओढ जमिनीकडे बरीच तिरकी असते, म्हणून काट्याच्या दक्षिण टोकाला वजन दिलेले असते. आपल्याकडे ओढ कमी तिरकी असल्याने तेच टोक खाली झुकून तळाला घासते. खरी उत्तर (नकाशावरची) आणि चुंबकीय उत्तर (काटा दाखवतो ती) यांतला फरक मात्र आपल्या किनाऱ्यावर दीड अंशाच्या आतच आहे. एवढ्याशा तबकडीवर त्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

खरी अडचण सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, येते. जांभ्यात लोह असते आणि काही जागी काटा भरकटतो. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्र चुकीची दिशा दाखवते, हे प्रसिद्धच आहे. म्हणून लांबच्या एखाद्या झाडाच्या दिशेचे वाचन घेतल्यावर त्याच्याकडे पन्नास पावले सरळ चालून पुन्हा घ्या. तेच झाड दोन्ही वेळा त्याच दिशेला आले नाही, तर दोन्ही वाचने सोडा आणि आणखी पुढे जाऊन पाहा.

बटण-होकायंत्रात दहा अंशांची चूक सहज होते. म्हणजे किलोमीटरभर चालल्यावर साधारण १७५ मीटर बाजूला. तरीही इथे ते पुरते, कारण आपला किनारा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे. समुद्रात धुके दाटले तर पूर्व धरली की जमीन येते. होडीत मात्र ते इंजिन आणि नांगराच्या साखळीपासून किमान दोन हात लांब ठेवा. सड्यावरून पूर्वेच्या, उत्तर-दक्षिण जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर उभ्या गाडीकडे यायचे असेल, तर गाडीचीच दिशा धरू नका. मुद्दाम पंधरा अंश डावीकडे, म्हणजे उत्तरेला, चाला. रस्ता लागला की गाडी उजवीकडेच असणार. नेमकी गाडीची दिशा धरली आणि रस्त्यावर गाडी दिसली नाही, तर कुठे वळायचे हेच कळत नाही. घाटमाथ्यावर मात्र ‘पश्चिमेला कोकण’ म्हणून धुक्यात सरळ निघू नका, मध्ये कडा आहे.

तबकडीतल्या द्रवात मोहरीएवढा बुडबुडा आला तर चालते. वाटाण्याएवढा झाला की काटा त्याला अडू लागतो. उन्हात गाडीच्या काचेखाली ठेवल्याने हे बहुतेक वेळा होते.

आपल्या दैनिकातील पावसाळी सहलींच्या सामानाच्या यादीत ‘होकायंत्र’पुढे ‘तपासलेले, मोबाइलपासून वेगळे, गळ्यात दोरीला’ एवढे शब्द छापावेत, ही विनंती.

— डोंगर आणि दर्या दोन्हींकडे जाणारे काही वाचक, जि. रत्नागिरी